दाराकडं तोंड केलेला मॉनिटर

(रविवारची दुपार. उस्मानपुऱ्यातल्या एका घराची पुढची खोली. टेबलावर बाजूचं झाकण काढलेला कॉम्प्युटर, शेजारी मॉनिटर, ठार काळा. टेबलापाशी बसलेल्या रत्नमालाला डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळं त्या काळ्या मॉनिटरवर न वैतागलेली खोलीत ती एकटीच. प्रणय तिचा धाकटा भाऊ, बिडकीनला कंपनीत कामाला, सुटीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करतो. त्याची बायको संध्या शाळेत नोकरीला आहे; ती आणि मुलगी संस्कृती आज घरी नाहीत. ओवैस त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलंय, म्हणून त्याला रविवारीही सुटका नाही.)

प्रणय : पंखा फिरतोय, लाइट लागलीय, सगळं चालू हाय आन् स्क्रीनवर काय बी नाय. कालपासून हेच.

ओवैस : नवं ग्राफिक कार्ड कुणी बसवलं?

प्रणय : मीच. व्हिडिओ बघून. थांबवत थांबवत बघितला, एक पायरी सोडली नाय.

ओवैस : हल्ली व्हिडिओ बघून लोक अपेंडिक्स पण काढतील, भाई. मग माझ्याकडं येऊन म्हणतील, एक पायरी सोडली नाही.

रत्नमाला : कॉम्प्युटर चालू आहे, ओवैस. मी सकाळपासून त्याच्यावर काम करतेय.

प्रणय : ताई, तू मधी नको ना बोलू. तुला काय, स्क्रीन असली काय आन् नसली काय.

रत्नमाला : तेच सांगतेय त्याला. बिघडली असेल तर तुझी स्क्रीन बिघडलीय. माझा कॉम्प्युटर ठीक आहे.

ओवैस : थांबा ताई. म्हणजे ते तुमचं वाचून दाखवणारं बोलतंय?

रत्नमाला : बोलतंय की. एका वकिलांचं रेकॉर्डिंग होतं, ते अर्धंअधिक टाईप करून झालं माझं.

ओवैस : अरे वा. म्हणजे आत सगळं जिंदा आहे. फक्त तोंड दाखवायला राजी नाही.

प्रणय : कार्डच खराब निघालं असंल. मी तवाच म्हणलं, नव्या खोक्याला वरून चिकटपट्टी कशी काय.

ओवैस : खोक्याला चिकटपट्टी असते, प्रणय भाई. सगळ्या खोक्यांना असते. तू आणखी काय काय केलंस ते सांग. डॉक्टरपासून लपवायचं नाही.

प्रणय : काय नाय. रॅम काढून पुसली.

ओवैस : कशानं?

प्रणय : संस्कृतीच्या खोडरबरनं. तूच शिकवलं होतंस.

ओवैस : साध्या पांढऱ्या खोडरबरनं पुसायला शिकवलं होतं. हे वासाचं आहे, स्ट्रॉबेरीचं. हात लावला तर बोटाला चिकटतंय.

रत्नमाला : म्हणून कालपासून खोलीत वास येतोय. मला वाटलं संध्यानं सरबत केलंय आणि मला दिलं नाही.

प्रणय : मी म्हणतो फॉरमॅट मारून बघू या का एकदा.

रत्नमाला : फॉरमॅट नाही.

प्रणय : तसं नाय, तुझ्या फायली काढून ठेवू आधी.

रत्नमाला : फॉरमॅट नाही, प्रणय. यंत्र माझं आहे. कार्ड घालतानासुद्धा तू मला विचारलं नव्हतंस. घालून झाल्यावर सांगितलंस.

प्रणय : तुला स्पीड मिळंल म्हणलं.

रत्नमाला : आंधळीच्या कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड. गल्लीत सांगितलंस तर लोक चहा पाजतील तुला.

ओवैस : ताई, ते हेडफोन जरा काढता का? आवाज बाहेरच्या स्पीकरवर सोडा. आणि कार्डाचं नाव त्याला दिसतंय का तेवढं बघा. तुम्हाला जमेल?

रत्नमाला : कुठं बघायचं ते सांग.

ओवैस : विंडोजचं बटण आणि एक्स. मग डिव्हाइस मॅनेजर. त्याच्यात डिस्प्ले.

रत्नमाला : थांब. हं. उघडलं. ऐक आता.

ओवैस : या अल्लाह. हे इतकं भरभर बोलतंय? मला तर एक लफ्ज कळला नाही.

रत्नमाला : सवयीनं कळतं. हळू ठेवलं तर मला झोप येते. नव्या कार्डाचं नाव येतंय. काही तक्रार नाही म्हणतंय.

ओवैस : मग कार्ड पण चांगलं. प्रणय भाई, तुझी चिकटपट्टी बाइज्जत बरी. मॉनिटरची बत्ती बघ, कुठल्या रंगाची आहे?

प्रणय : नारंगी. मिचमिच करतीय.

ओवैस : म्हणजे मॉनिटर जागा आहे, त्याला इकडून काही मिळत नाही. वायर कुठं लावली तू?

प्रणय : जिथं होती तिथंच. वायरला हातच लावला नाय मी.

ओवैस : हात लावला नाही?

प्रणय : नाय. चालू वायरला कशाला हात लावायचा. आण्णा सांगायचे, चालतंय त्यात बोट खुपसू नको.

ओवैस : तुझे वडील मोटारी दुरुस्त करायचे रे. जरा टेबल पुढं ओढ. हौ. हे बघ. ही निळ्या तोंडाची वायर, दोन्हीकडं पेच असलेली. ही जुन्या भोकात आहे. आणि तुझं नवं कार्ड इथं खाली, त्याची भोकं सगळी रिकामी.

प्रणय : त्या भोकांत ती बसतच नाय. आकारच येगळा. म्हणून म्हणलं, जुन्यात राहू द्यावी.

ओवैस : नवं कार्ड घातलं की मशीन जुनं भोक बंद करून टाकतं. चित्र सगळं नव्या कार्डातून बाहेर यायला बघतंय आणि तिथं घ्यायला कुणी उभं नाही. तू नव्या घराला दरवाजा केला आणि पाहुण्यांना जुन्याच दाराशी उभं केलं.

प्रणय : मग आता नवा मॉनिटर?

ओवैस : नक्को. कन्व्हर्टर. इकडं चपटं तोंड, तिकडं तुझी निळी वायर. माझ्या बॅगेत आहे एक. एकदा मशीन बंद करतो, जोडतो, चालू करतो. संपलं.

रत्नमाला : एवढंच होतं?

ओवैस : एवढंच, ताई. मला तर चहा मागायची पण लाज वाटतेय.

रत्नमाला : चहा होईल. संध्या फुलंब्रीला गेलीय माहेरी, पण प्रणयला येतो करता. बंद करायच्या आधी एक मिनिट दे मला. एक मेल आलीय का बघते.

ओवैस : बघा की. आरामात.

रत्नमाला : हेडफोन लावते परत. हे तुमच्या ऐकण्यातलं नाही.

ओवैस : कामाची आहे?

रत्नमाला : कामाचीच. बरेच दिवस वाट बघतेय. रोज उठून आधी तेच बघते, मग तोंड धुते. असं वय झाल्यावर वाट बघायची हौस आली म्हण.

प्रणय : आज रविवार हाय, ताई. लातूरवाले काय आज मेल टाकणार नायत. बंद कर, त्याला पण जायचंय.

ओवैस : मला काही घाई नाही.

रत्नमाला : नाही आली. ओवैस, एक विचारू?

ओवैस : विचारा.

रत्नमाला : कॉम्प्युटर चालू केला की मॉनिटर आपोआप लागतो का?

ओवैस : त्याचं बटण दाबून बंद केलेलं नसलं तर लागतो. मशीन उठलं की तो पण उठतो.

रत्नमाला : आणि याचं बटण?

ओवैस : चालूच दिसतंय.

रत्नमाला : काल बिघडायच्या आधी?

ओवैस : ते मी कसं सांगू, ताई. प्रणयला माहीत असेल.

रत्नमाला : त्याला नंतर विचारते. मॉनिटरचं तोंड कुणीकडं आहे?

ओवैस : तोंड? दाराकडं. थोडं दिवाणाकडं पण.

रत्नमाला : भिंतीकडं नाही?

ओवैस : नाही ताई.

रत्नमाला : म्हणजे मी इथं बसून लिहीत असले तर दिवाणावर पडलेल्या माणसाला वाचता येईल?

ओवैस : ते अक्षरांच्या साइझवर आहे.

रत्नमाला : साइझ काय आहे?

ओवैस : मोठी आहे. दिवाळीत मीच करून दिली होती. प्रणय म्हणाला, मोठी कर. मला वाटलं संस्कृतीच्या अभ्यासासाठी असेल.

प्रणय : एडिटिंगसाठी, ताई. बारीक अक्षरानं डोळे दुखतात माझे.

रत्नमाला : तुला मी विचारलं नाही अजून.

ओवैस : मी जरा बाहेर गाडीत बघून येतो. एक स्क्रू ड्रायव्हर...

रत्नमाला : बस, ओवैस. तू असलास तर मी नीट बोलेन. दोघंच असलो तर हा रडायला लागेल आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागेल. लहानपणापासून असंच होतं.

ओवैस : बसतो.

रत्नमाला : प्रणय, हा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?

प्रणय : कधीची गोष्ट हाय ती.

रत्नमाला : मॉनिटर काढून ठेव म्हटलं होतं. तू म्हणालास, काढायला कशाला पाहिजे, बटण बंद ठेवतो, वरून आईची शाल टाकतो. टाकली होतीस. मी हात लावून बघितली होती.

प्रणय : मग दिवाळीत मी एडिटिंग चालू केलं ना. तवा काढली शाल.

रत्नमाला : मला सांगितलं नाहीस.

प्रणय : ध्यानातच आलं नाय.

रत्नमाला : दिवाळीपासून मी हेडफोन लावून बसते. दार लोटून घेते. कुणी आलं की बोटं थांबवते, कळांचा आवाज जाऊ नये म्हणून. आणि माझ्या डोक्याएवढी अक्षरं दाराकडं तोंड करून लागलेली. गल्लीतली पोरं चप्पल शोधायला वाकली तरी वाचून जातील.

प्रणय : तसं कुणी वाचत नाय, ताई.

रत्नमाला : लातूर तुला कुणी सांगितलं?

प्रणय : कुणी म्हणजे?

रत्नमाला : मी कुणाला सांगितलेलं नाही. संध्याला नाही, माझ्या मैत्रिणीला, रेखाला नाही, त्या वकिलांना नाही. फोनवरसुद्धा मी त्या गावाचं नाव घेतलं नाही, मुद्दाम मेलवर चालवलं बाकी सगळं. तर लातूर तुला कुणी सांगितलं?

प्रणय : चहा आणून ठेवला तुझ्यापाशी. तवा दिसलं.

रत्नमाला : काय दिसलं?

प्रणय : सगळंच दिसलं.

रत्नमाला : ओवैसला माहीत नाही. त्याला सांग काय दिसलं.

प्रणय : त्याला कशाला मधी घेतीस?

रत्नमाला : तो बसलाय, त्याला कळलं पाहिजे आपण कशावरून भांडतोय. नाही तर त्याला वाटेल वायरवरून.

प्रणय : लातूरकडं पोरींचं वसतिगृह हाय. न दिसणाऱ्या पोरींचं. तिथं त्यांना कॉम्प्युटर शिकवायला बाई पाहिजे. ताईनं अर्ज केला होता. तिथंच राहायचं, तिथंच खायचं.

ओवैस : अच्छी बात आहे ना ही.

प्रणय : हो, अच्छी. तुझी बहीण एकटी जाईल का रे तशी?

ओवैस : माझी बहीण दुबईला आहे.

रत्नमाला : तिथल्या मॅडमनी फोनवर माझी मुलाखत घेतली, ओवैस. मी तेव्हा गच्चीवर जाऊन बोलले. म्हणाल्या, तुम्हीच हव्यात आम्हाला. तारीख मेलवर कळवतो म्हणाल्या. मी लिहिलं, कधीही सांगा, मी तयार आहे. त्यानंतर एक अक्षर नाही. मी तीनदा लिहिलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. मुलाखतीत मी जास्त बोलले असेन. मला सवय आहे जास्त बोलायची.

ओवैस : नाही ताई, तसं नसेल.

रत्नमाला : आता मलाही तसं वाटत नाही. प्रणय, तू वाचल्यावर काय केलंस?

प्रणय : काय करणार.

रत्नमाला : वाचून तू गप्प बसणारा नाहीस. पोटात राहत नाही तुझ्या. वाचून गप्प बसला असतास तर आज तोंडातून लातूर निघालं नसतं, त्याआधीच कधीतरी भांडला असतास माझ्याशी. भांडला नाहीस, म्हणजे काहीतरी करून मोकळा झालास.

प्रणय : फोन केला.

रत्नमाला : कुणाला?

प्रणय : त्यांच्या मेलच्या खाली नंबर होता. त्या मॅडमना.

रत्नमाला : हं.

प्रणय : तुझ्या भल्याचं बोललो मी.

रत्नमाला : संध्याला माहीत आहे?

प्रणय : तिला सांगितलं मी.

रत्नमाला : संस्कृतीनं मला विचारलं होतं, आत्या, लातूर लांब आहे का. मी म्हटलं भूगोलाचा धडा असेल. तिला आपल्याकडचे सगळे तालुके म्हणून दाखवले मी, गंगापूरपासून सुरू करून. ती ऐकत बसली बिचारी. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.

प्रणय : ताई, तू रागवू नको.

रत्नमाला : राग आलाय मला. ओरडत नाही म्हणून आला नाही असं समजू नको. लई राग आलाय.

प्रणय : मग दोन शिव्या घाल. पण जरा माझ्या बाजूनं बघ. तिथं तुला काय झालं तर कोण बघणार? मागच्या साली गॅस चालू राहिला होता ना? घर उडालं असतं.

रत्नमाला : गॅस संध्यानं चालू ठेवला होता. वास मला आला म्हणून बंद झाला.

प्रणय : बरं, ते राहू दे. लोक काय म्हणतील? बायको आली आन् बहिणीला काढून दिलं. समाजात मला कुणी उभं करणार नाय.

रत्नमाला : हे खरं कारण आहे?

प्रणय : हे पण हाय.

रत्नमाला : आणखी काय आहे?

प्रणय : काय नाय.

ओवैस : बोल ना रे. आता इतकं बोललास.

प्रणय : रातपाळी करून सकाळी मी येतो ना बिडकीनवरून. संध्या शाळेला गेलेली असती, पोरगी बी गेलेली. दाराशी गाडी लावली की तू आतून कडी काढतीस, मी बेल वाजवायच्या आधी. गाडीच्या आवाजावरून. रोज. मला त्याची लई सवय झालीय. ती मेल वाचली आन् मला वाटलं, आता कुलूप काढून घरात यावं लागंल.

रत्नमाला : हे तू मला सांगितलं असतंस तर मी विचार केला असता.

प्रणय : राहिली असतीस?

रत्नमाला : नसते राहिले. पण विचार केला असता. तुला समोर बसवून सांगितलं असतं की का जायचंय. आण्णा गेल्यापासून मी या घरात कुणाची तरी जबाबदारी आहे. आधी आईची, मग तुझी, आता संध्याची पण. तिथं पोरी येतील, म्हणतील बाई, हे कसं करायचं, आणि मी सांगेन. मला तसं एकदा व्हायचंय.

प्रणय : इथं काय कमी हाय तुला?

रत्नमाला : ते विचारू नको, मी सांगत बसले तर ओवैसची दुपार जाईल. तू त्यांना फोनवर काय म्हणालास?

प्रणय : म्हणलं ना, तुझ्या भल्याचं.

रत्नमाला : शब्दानं शब्द सांग. मी टाईप करते.

प्रणय : टाईप?

रत्नमाला : माझा धंदाच आहे तो. माणसं बोलतात, मी ऐकून टाईप करते. वकिलांचं करते, प्रोफेसरांचं करते. तुझं करायला काय हरकत आहे. नवी मेल उघडलीय त्या मॅडमच्या नावावर. बोल.

प्रणय : ताई, काय लावलंय हे.

रत्नमाला : तू फोन लावलास, त्यांनी हॅलो म्हटलं. तू काय म्हणालास?

प्रणय : ओवैस, सांग ना हिला.

ओवैस : मी काय सांगू? तू तिकडं बोललास ना, मग इथं बोलायला काय जातंय?

प्रणय : म्हणलं, मी प्रणय बोलतो. रत्नमाला माझी मोठी बहीण.

रत्नमाला : हं. पुढं.

प्रणय : तिनं तुमच्याकडं अर्ज केलाय, पण तिला एकटीला राहायची सवय नाय.

रत्नमाला : सवय नाय. हं.

प्रणय : ‘नाही’ लिही की. ‘नाय’ कशाला लिहितीस?

रत्नमाला : बोललास तसं लिहिते. पुढं.

प्रणय : घरचे तयार नायत.

रत्नमाला : घरचे म्हणजे कोण कोण?

प्रणय : म्हणजे मी. तवा संध्याला पण सांगितलं नव्हतं. तू ‘मी’च लिही तिथं.

रत्नमाला : फोनवर काय म्हणाला होतास?

प्रणय : घरचे.

रत्नमाला : मग तेच राहील. रेकॉर्डिंगमधलं मी बदलत नाही. पक्षकार किती रडले तरी बदलत नाही. पुढं.

प्रणय : त्या म्हणल्या, पण त्या स्वतः तर तयार आहेत. मी म्हणलं, ती तसं लिहिती हो, पण तिला बाहेरचं काय कळत नाय.

ओवैस : प्रणय.

प्रणय : म्हणलं मी तसं. आता काय करू. विचारलं म्हणून सांगतोय.

रत्नमाला : बाहेरचं काय कळत नाय. झालं लिहून. आणखी?

प्रणय : म्हणलं, तुम्ही तिला परत मेल टाकू नका. नाय म्हणून पण कळवू नका, तिचं मन मोडंल. उत्तर नाय आलं की हळूहळू विसरून जाईल ती.

रत्नमाला : त्या काय म्हणाल्या?

प्रणय : बरं म्हणल्या. तुम्ही भाऊच आहात म्हणल्यावर प्रश्नच नाही म्हणल्या.

रत्नमाला : हे त्या म्हणाल्या?

प्रणय : व्हय.

रत्नमाला : न दिसणाऱ्या पोरींना पायावर उभं करणारी बाई. तिला माझी तीन पत्रं दिसली नाहीत, तुझा एक फोन ऐकू आला. हेही लिहिते मी. संपलं?

प्रणय : संपलं. ठेवला फोन.

रत्नमाला : आता गप्प बस जरा. मला माझं लिहू दे.

ओवैस : ताई, पाणी आणून देऊ?

रत्नमाला : नको रे. एवढं होऊ दे आधी.

प्रणय : काय लिहितीयस?

रत्नमाला : लिहितेय.

प्रणय : माझ्याबद्दल लिहितीयस?

रत्नमाला : तुझं तुझ्या शब्दांत लिहून झालं. हे माझं आहे.

प्रणय : वाचून दाखव की मग.

रत्नमाला : नाही.

प्रणय : माझं तू सगळं ऐकून घेतलंस. मला तुझं एक वाक्य बी नाय?

रत्नमाला : पाच महिने वाचलंस की. पुरे झालं.

ओवैस : बस ना भाई. मेल त्यांची आहे.

प्रणय : आन् ती जागा भरली असंल तर? एवढे दिवस थांबल्यात का त्या?

रत्नमाला : भरली असेल तर भरली. दुसरीकडं लिहीन. पण मला बाहेरचं कळत नाही हे तिथं माझ्या नावावर राहायला नको. ते मी म्हटलेलं नाही.

प्रणय : म्हणजे लातूर नाय झालं तरी तू जाणारच?

रत्नमाला : सकाळपर्यंत माहीत नव्हतं मला. लातूरहून नाही म्हणून आलं असतं तर बहुतेक गप्प बसले असते. आता नाही बसणार.

प्रणय : मीच तुला जायला लावलं, असंच ना?

रत्नमाला : तसं समज हवं तर.

प्रणय : मग मी सोडायला येऊ का? जाशील तवा.

रत्नमाला : ये. सामान उचलायला कुणीतरी लागेलच. पण तिथं कुणाशी बोलायचं नाही तू. कुणी हॅलो म्हटलं तरी मान हलवायची.

प्रणय : बरं.

रत्नमाला : थांब. हं. गेली मेल.

ओवैस : गेली?

रत्नमाला : गेली. पाठवल्याचं सांगितलं त्यानं.

ओवैस : मग बंद करू का आता मशीन? कन्व्हर्टर काढून ठेवलाय मी. जोडतो, हे आटोपतं माझं.

रत्नमाला : बंद कर. पण कन्व्हर्टर नको. ते कार्ड काढ आणि याचं याला दे. कॉम्प्युटर माझ्याबरोबर येणार आहे.

ओवैस : ठीक आहे, ताई.

प्रणय : आन् मॉनिटर?

रत्नमाला : तो तुला राहू दे.